वरचे पैसे कोणाचे?

नव्या गाड्यांच्या बाजारात अधूनमधून अशी स्थिती येते की कंपनीने जाहीर केलेली किंमत सर्वांना ठाऊक असते, ती मोजायला गिऱ्हाईक तयार असते, आणि तरीही त्या किमतीला गाडी मिळत नाही. मिळते ती एकतर दीर्घ प्रतीक्षेनंतर, नाहीतर त्या किमतीवर आणखी काही रक्कम ठेवल्यावर. या जादा रकमेला महाराष्ट्रात स्कूटरच्या जमान्यापासून ‘ऑन’ म्हटले जाते, तर अमेरिकेतील विक्रेते तिला बाजारस्थितीनुसार केलेली दुरुस्ती असे सभ्य नाव देऊन काचेवर चिकटवलेल्या दुसऱ्या कागदावर छापतात. ऑन देणारा उतावळा आणि घेणारा लबाड, असा निवाडा करून विषय संपवण्याची सर्वसाधारण रीत आहे. या प्रकरणात मात्र वेगळा प्रश्न हाताळला आहे: जाहीर किंमत आणि लोक प्रत्यक्षात द्यायला तयार असलेली किंमत यांत अंतर पडले की त्या अंतराचे पैसे कोणाच्या ना कोणाच्या हाती पडतातच, मग ते हात कोणते असावेत हे कोण ठरवते?

या प्रश्नाची आजची मांडणी पाहण्यासाठी महानगरापेक्षा कृष्णराजनगरसारखे तालुक्याचे गाव अधिक सोयीचे आहे. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात कावेरीच्या पुराने जुने येडतोरे उद्ध्वस्त झाल्यावर थोड्या अंतरावर वसवलेले आणि चौथ्या कृष्णराज वोडेयर यांचे नाव मिळालेले हे भातशेतीच्या टापूतील गाव म्हैसूर जिल्ह्यात मोडते. येथील गिऱ्हाईक मागणी असलेली गाडी घ्यायला म्हैसूरला जाते, तिथे मिळाली नाही तर बंगळूरूला, आणि नोंदणीसाठी त्याचा संबंध येतो तो केए-४५ ही मालिका देणाऱ्या हुणसूरच्या परिवहन कार्यालयाशी. विक्रेता एका शहरात, नोंदणी दुसरीकडे आणि राहणे तिसरीकडे, अशा या खरेदीदाराच्या हाती पडणाऱ्या कागदांत गाडीच्या किमतीचे सगळे थर सुटे सुटे दिसतात.

पहिला थर एक्स-शोरूम किमतीचा, म्हणजे कंपनीची किंमत, विक्रेत्याचा नफा आणि वस्तू व सेवा कर मिळून होणाऱ्या रकमेचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवर हा कर १८ टक्के, तर मोठ्या आणि अधिक ताकदीच्या गाड्यांवर ४० टक्के आहे. त्यावर दुसरा थर राज्याच्या आजीवन करासह नोंदणी, विमा आणि इतर किरकोळ शुल्कांचा बसतो आणि तयार होते ती ऑन-रोड, म्हणजे गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर आणण्याची किंमत. कर्नाटकाचा आजीवन कर देशातील चढ्या करांपैकी मानला जातो. दहा ते वीस लाखांच्या टप्प्याला १७ टक्के, वीस लाखांच्या वर १८ टक्के, आणि त्या कराच्या रकमेवर पुन्हा ११ टक्के उपकर, असे त्याचे दीर्घकाळ चालत आलेले गणित आहे. समजा, एखाद्या गाडीची एक्स-शोरूम किंमत १९ लाख रुपये आहे. तिचा आजीवन कर उपकरासह ३ लाख ५८ हजार ५३० रुपये होतो. आता तिला इतकी मागणी आहे की विक्रेता दोन लाख जादा मागतो आणि तो ते सरळ बिलात लिहितो, असे धरून चालू. किंमत २१ लाख होते, टप्पा ओलांडला जातो आणि कर ४ लाख १९ हजार ५८० रुपयांवर जातो, म्हणजे दोन लाखांच्या ऑनपायी खरेदीदाराला राज्याला आणखी ६१ हजार द्यावे लागतात. विक्रेत्याचेही सुख पूर्ण नसते, कारण ४० टक्क्यांच्या दराने त्या दोन लाखांतील सुमारे ५७ हजार वस्तू व सेवा कर म्हणून भरावे लागतात आणि उरलेल्यावर प्राप्तिकर आहेच.

ऑन बिलात का दिसत नाही, याचे निम्मे उत्तर या आकडेमोडीतच आहे. उघडपणे घेतलेल्या ऑनचा मोठा हिस्सा केंद्र आणि राज्य सरकारे घेऊन जातात, आणि देणारा व घेणारा या दोघांच्याही हिताचे असते की ती रक्कम कागदावर येऊच नये. रोखीने मोठी रक्कम घेण्यावर १ एप्रिल २०१७ पासून निर्बंध आहे. एका व्यवहारापोटी दोन लाख किंवा अधिक रोख स्वीकारणाऱ्याला तितकाच दंड होऊ शकतो. त्यामुळे ऑन एकतर त्या मर्यादेच्या आत राहतो किंवा रूप बदलतो. उत्तराचा उरलेला अर्धा भाग मात्र करांत सापडत नाही, तो इतिहासात आणि माणसांच्या न्यायबुद्धीत शोधावा लागतो.

इतिहासाची सुरुवात म्हैसूरपासूनच करता येते. शहरातील यादवगिरी भागात रुस्तम आणि फारुख इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीचा कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला आणि त्याचे उद्घाटन तत्कालीन राज्यपाल जयचामराजेंद्र वोडेयर यांच्या हस्ते झाले. परदेशी दुचाक्यांची आयात आटली होती आणि चेकोस्लोव्हाकियातील जावा भारतात विकायची तर ती भारतातच बनवणे भाग होते. पुढे १९७३ पासून याच कारखान्यातून ‘येझदी’ या नावाने मोटारसायकली बाहेर पडू लागल्या आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडेपर्यंत त्या म्हैसूरची ओळख बनून राहिल्या. कोणी किती वाहने बनवायची हे सरकारी परवान्याने ठरणाऱ्या या काळात तुटवडा मात्र सगळीकडे सारखा नव्हता. मोटारसायकल ही हौशी तरुणांची, पोलिसांची किंवा दूधवाल्याची गाडी मानली जाई, तर स्कूटर ही कुटुंबाची. पायाशी मूल उभे करता येई, मागे साडी नेसून बसता येई, सुटे चाक बरोबर नेता येई. म्हणून मोटारसायकलींची रांग कधी स्कूटरइतकी लांबली नाही, आणि ऑनचे खरे शास्त्र विकसित झाले ते म्हैसूरमध्ये नव्हे, पुण्याजवळच्या आकुर्डीत बनणाऱ्या गाड्यांभोवती.

बजाजने पियाज्जो या इटालियन कंपनीच्या सहकार्याने १९६० च्या सुमारास व्हेस्पा बनवायला घेतली, १९७१ मध्ये तो करार संपला आणि १९७२ मध्ये ‘चेतक’ आली. कंपनीच्या इतिहासातील टप्पे बोलके आहेत: सुरुवातीपासूनची एकूण एक लाख वाहने १९७० मध्ये पूर्ण झाली, एका वर्षात एक लाखाचा टप्पा १९७७ मध्ये गाठला गेला, आणि वर्षाला पाच लाखांचा टप्पा १९८६ मध्ये. दरम्यानच्या काळात मागणी उत्पादनाच्या कैक पट पुढे होती, कारखान्याची क्षमता वाढवायला दिल्लीची परवानगी लागत असे, आणि १९६९ च्या मक्तेदारी प्रतिबंधक कायद्यामुळे मोठ्या उद्योगसमूहांना ती मिळणे आणखी अवघड झाले होते. वितरणावरही सरकारचे नियंत्रण होते. १९६० च्या स्कूटर वितरण व विक्री नियंत्रण आदेशाने नोंदणीचा क्रम, अनामत आणि सरकारी नोकर वगैरेंचा राखीव वाटा या गोष्टी ठरवून दिल्या होत्या. परदेशातील नातेवाइकाने परकीय चलन पाठवले तर रांग टाळून स्कूटर मिळण्याची सोय होती, आणि आखातात कामाला गेलेला चुलत-मावस भाऊ अचानक जवळचा वाटू लागण्याचे एक कारण हेही होते. इतरांना मात्र नोंदणी करून थांबावे लागे, आणि हे थांबणे पुढे पुढे दहा वर्षांच्या घरात गेले.

या रांगेचे अर्थकारण नीट उलगडून पाहण्यासारखे आहे, कारण आजच्या रांगा तिचीच सुधारलेली आवृत्ती आहेत. अनामत रक्कम किरकोळ होती आणि नंबर लागल्यावर मिळणारी स्कूटर त्याच दिवशी जाहीर किमतीपेक्षा बऱ्याच चढ्या भावाने विकता येई. म्हणजे नोंदणीची पावती हा एक गुंतवणुकीचा कागदच होता, ज्याचा परतावा बँकेच्या व्याजापेक्षा कितीतरी अधिक होता. परिणामी ज्यांना स्कूटर चालवायची नव्हती तेही रांगेत उभे राहिले, घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाच्या नावाने नोंदणी झाली, आणि मुलगी शाळेत असतानाच तिच्या लग्नात जावयाला द्यायच्या स्कूटरची तजवीज केली गेली. रांग जितकी लांबली तितका ऑन वाढला, आणि ऑन वाढला तसे आणखी लोक रांगेत आले. सरकारला वाटे की एवढी मागणी आहे म्हणून वितरणावर आणखी कडक नियंत्रण हवे. प्रत्यक्षात त्या मागणीचा बराच भाग त्या नियंत्रणानेच जन्माला घातला होता. ठरावीक काळ गाडी विकू नये अशी अट घातली गेली, तेव्हा लोक कागदोपत्री मालकी बदलल्याशिवाय गाडी देऊ लागले आणि मुदत संपल्यावर नावावर करून देऊ लागले.

येथे ऑनचे पैसे कोणाला मिळाले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ते बजाजला मिळाले नाहीत, कारण कंपनीला किंमत तेवढी वाढवता येत नव्हती. सरकारलाही मिळाले नाहीत, कारण व्यवहार कराच्या कक्षेबाहेर होता. ते मिळाले ज्याच्या हाती नंबर होता त्याला, म्हणजे राखीव कोट्यातील कर्मचाऱ्याला, परदेशी चलनवाल्याला, विक्रेत्याच्या दुकानातील हुशार माणसाला, आणि कधी कधी दहा वर्षे मुकाट्याने थांबलेल्या एखाद्या शिक्षकालाही, ज्याने शेवटी गाडी न चालवता विकून घराच्या पायाला पैसे लावले. या शेवटच्या प्रकारामुळे नियंत्रणाचा बचाव करणे सोपे जाते, पण हा बचाव लंगडा आहे. जो पैसा अधिक स्कूटरी बनवण्यात गुंतायला हवा होता तो अधिक पावत्या मिळवण्यात गुंतला.

मोटारींच्या बाबतीत कहाणी थोडी निराळी होती. १९६९ मध्ये सरकारने मोटारींच्या कमाल विक्री किमती ठरवून दिल्या, मुंबईच्या कुर्ल्यात गाड्या बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी त्याविरुद्ध न्यायालयात गेली, आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढ्यात आलेल्या उत्पादनखर्चाचा आणि वाजवी परताव्याचा कीस काढला. न्यायालयाने गाडीचा खर्च मोजावा लागणे हीच त्या व्यवस्थेवरची खरी टीका म्हणता येईल. १९८३ मध्ये मारुतीने नोंदणी उघडली तेव्हा १० हजार रुपयांची अनामत ठेवूनही लाखाहून अधिक लोकांनी नाव घातले, क्रम संगणकीय सोडतीने ठरवला गेला, आणि त्याच वर्षी १४ डिसेंबरला पहिली गाडी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते दिली गेली. सोडतीत वरचा नंबर लागलेल्यांनी तो विकून खाल्ला, पण स्कूटरइतका दीर्घकाळ हा धंदा चालला नाही, कारण गुडगावचा कारखाना भराभर गाड्या बाहेर काढू लागला. पूर्व जर्मनीत मात्र अखेरपर्यंत हे घडले नाही. तेथे ट्राबांट गाडीसाठी दहा वर्षांहून अधिक काळ थांबावे लागे आणि लगेच मिळणारी वापरलेली गाडी नव्या गाडीच्या सरकारी किमतीपेक्षा महाग विकली जाई.

या सर्व उदाहरणांत किंमत सरकारने बांधलेली होती. अमेरिकेत तसे नसूनही ऑन आहे, आणि तोही सर्वांदेखत. तेथे १९५८ च्या मोटार माहिती प्रकटन कायद्याने प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर कंपनीने सुचवलेली किरकोळ किंमत लावणे बंधनकारक केले. ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मन्रोनी यांनी हा कायदा आणला म्हणून त्या कागदाला मन्रोनी लेबल म्हणतात, आणि न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातील मराठी कुटुंबांनाही पहिली गाडी घेताना त्याची ओळख होते. कायद्याने किंमत दाखवणे सक्तीचे केले, पाळणे नव्हे. ती सुचवलेली किंमत आहे. त्यातच बहुतेक राज्यांत गाडी कंपनीने नव्हे तर स्वतंत्र विक्रेत्याने विकावी असे कायदे आहेत आणि अंतिम किंमत ठरवण्याचा अधिकार त्याचा असतो. १९८९ मध्ये माझदा कंपनीची मियाटा ही दोन आसनी छोटी स्पोर्ट्‌स कार १३,८०० डॉलरच्या मूळ किमतीला आली, तेव्हा अनेक विक्रेत्यांनी तिच्यावर हजारो डॉलर वर घेतले आणि लोकांनी ते दिले. स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत असे वारंवार घडते, कारण ती मुद्दाम कमी संख्येने बनते, तिला तोडीचा पर्याय नसतो, आणि पहिल्या वर्षी ती दारात उभी असण्याचे मोल काही लोकांना गाडीइतकेच असते.

मग कंपनी स्वतःच किंमत का वाढवत नाही? १९८६ मध्ये डॅनियल काह्नमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ नेमके सापडते. त्यांनी कॅनडातील लोकांना दूरध्वनीवर पुढील परिस्थिती सांगितली: एका लोकप्रिय मोटारीचा तुटवडा झाला आहे, गिऱ्हाइकाला दोन महिने थांबावे लागते, आणि आतापर्यंत छापील किमतीला विकणारा विक्रेता आता त्यावर २०० डॉलर जादा घेतो. ७१ टक्के लोकांनी हे अन्यायाचे ठरवले. दुसऱ्या गटाला तीच परिस्थिती सांगितली, फक्त इतका बदल करून की विक्रेता आतापर्यंत छापील किमतीवर २०० डॉलर सूट देत होता आणि आता सूट बंद करून छापील किंमत घेतो. या वेळी ५८ टक्क्यांना ते चालण्यासारखे वाटले. दोन्ही प्रसंगांत गिऱ्हाइकाला बसणारा फटका २०० डॉलरचाच आहे. फरक पडतो तो छापील आकड्यामुळे, कारण लोकांच्या मनात तो आकडा रास्तपणाची रेघ आखतो आणि त्या रेघेच्या खाली केलेली चढउतार लोक सहन करतात, वर केलेली करत नाहीत. आपल्याकडे दसरा-दिवाळीची सूट नंतर काढून घेतली तर कोणी तक्रार करत नाही, पण पाच हजारांचा ऑन मागितला तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत सुटतात, त्यामागचे मानसशास्त्र हेच.

कंपनीला या रेघेची भीती असते, कारण तिला त्याच गिऱ्हाइकाला पुढच्या दहा वर्षांत आणखी दोन गाड्या विकायच्या असतात. विक्रेत्याला ती भीती कमी असते, आणि गाडी घेऊन लगेच विकणाऱ्या हौशी सट्टेबाजाला तर मुळीच नसते. म्हणून अलीकडे कंपन्यांनी या दोघांना आवर घालण्याचे उपाय शोधले. फोर्डने २०१६ मध्ये आपल्या ‘जीटी’ या अतिमहागड्या गाडीसाठी अर्ज मागवले, तेव्हा ५०० जागांसाठी साडेसहा हजारांवर अर्ज आले. निवडलेल्यांकडून दोन वर्षे गाडी न विकण्याचे वचन घेतले गेले, आणि कुस्तीपटू-अभिनेता जॉन सीना याने ती लवकर विकल्यावर कंपनीने २०१७ मध्ये त्याच्यावर दावा लावला, जो पुढच्या वर्षी तडजोडीने मिटला. जनरल मोटर्सने कॉर्व्हेट झेड-०६ बाबत दुहेरी मार्ग घेतला: गाडी लवकर विकली तर काही हमी नव्या मालकाला मिळणार नाही, आणि वर्षभर स्वतःकडे ठेवली तर पाच हजार डॉलर मोलाचे बक्षीसगुण मिळतील. स्कूटरच्या विक्रीबंदीची ज्यांना आठवण असेल त्यांना डेट्रॉइटने आपल्या जुन्या उद्योग मंत्रालयाचा धडा गिरवलेला पाहून गंमत वाटेल.

भारतात अशा गाड्यांचे सर्वांत जवळचे उदाहरण २०२५ मधले आहे. फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय आणि स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस या दोन वेगवान गाड्या पूर्ण बनलेल्या स्वरूपात आयात झाल्या. पहिली सुमारे ५३ लाखांची, दुसरी सुमारे ५० लाखांची. जीटीआयची १५० गाड्यांची पहिली तुकडी काही दिवसांत संपली, आणि ती नोंदवण्यापूर्वी गिऱ्हाइकाला त्या गाडीविषयीची एक छोटी प्रश्नमंजुषा सोडवावी लागली. ऑक्टाव्हिया आरएसच्या १०० गाड्या नोंदणी उघडल्यावर २० मिनिटांत संपल्या. प्रश्नमंजुषेची कल्पना वरवर पोरकट वाटली तरी तिच्यात तथ्य आहे. किंमत न वाढवता मोजक्या गाड्या वाटायच्या असतील तर पैशाऐवजी दुसरे काहीतरी मोजावे लागते: वेळ, नशीब, ओळख, इंटरनेटचा वेग किंवा ज्ञान. यांतील ज्ञान विकत घेऊन पुढे विकणे सर्वांत अवघड.

मोठ्या संख्येने विकल्या जाणाऱ्या गाड्यांत मात्र असे करता येत नाही. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० ची नोंदणी ७ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली तेव्हा पहिल्या २५ हजार गाड्या ५७ मिनिटांत गेल्या, आणि ३० जुलै २०२२ रोजी स्कॉर्पिओ-एनच्या एक लाख नोंदण्या अर्ध्या तासात झाल्या. दोन्ही वेळा पहिल्या २५ हजारांना कमी ठेवलेली प्रारंभिक किंमत मिळणार होती, म्हणजे कंपनीने किमतीतील अंतराचा एक भाग आपण होऊन लवकर येणाऱ्यांना सोडला आणि त्याबदल्यात अशी प्रसिद्धी कमावली जी जाहिरातींवर तितकाच खर्च करून मिळाली नसती. नोंदणीची रक्कम परत मिळणारी होती, आणि येथे आकुर्डीच्या रांगेचा जुना रोग पुन्हा दिसतो: रक्कम परत मिळणार असेल तर नोंदणी करण्याला खर्च नाही, खर्च नसेल तर घेण्याचा इरादा नसलेलेही नोंदणी करतात, आणि रांगेची लांबी पाहून उरलेले घाबरून रांगेत येतात. त्या वर्षांत सेमीकंडक्टर चिपांचा जागतिक तुटवडा होता, हे खरे. पण दीड-दोन वर्षांच्या प्रतीक्षेचे सगळे खापर चिपांवर फोडता येत नाही.

ऑन उघडपणे घेण्याची एक रीत सर्वमान्य आहे, ती म्हणजे लिलाव. यादवगिरीतून बाहेर पडलेले जावा हे नाव २०१८ मध्ये क्लासिक लेजंड्स या महिंद्राशी संबंधित कंपनीने पुन्हा बाजारात आणले. दिल्लीतील एक्स-शोरूम किंमत १ लाख ६४ हजार होती, आणि काही आठवड्यांतच पुढच्या सप्टेंबरपर्यंतच्या गाड्या विकल्या गेल्याने २५ डिसेंबरला ऑनलाइन नोंदणी बंद करावी लागली. त्याच मोटारसायकलीचा ००१ हा सांगाडा क्रमांक लिलावात ४५ लाखांना गेला. २०२० मध्ये नव्या थारच्या पहिल्या गाडीला १ कोटी ११ लाख मिळाले. दोन्ही रकमा समाजकार्यासाठी होत्या आणि दोन्ही वेळा कोणी अन्याय झाला म्हटले नाही, कारण जाहीर किंमत इतरांसाठी जागच्या जागी होती. राज्य सरकारांनाही हे तंत्र उत्तम जमते. महाराष्ट्राने २०२४ मध्ये पसंतीच्या क्रमांकांचे दर वाढवले तेव्हा चारचाकीच्या ०००१ क्रमांकाचे मूळ शुल्क ३ लाखांवरून ५ लाखांवर गेले. एकाच क्रमांकाला अनेक इच्छुक असतील तर बोली लागते. सिंगापूर तर १९९० पासून गाडी बाळगण्याचा दहा वर्षांचा हक्कच लिलावात विकते आणि कित्येकदा तो हक्क एक लाख सिंगापूर डॉलरच्या पुढे जातो. तेथे विक्रेत्याला ऑन घ्यायला फारसे काही उरतच नाही, सगळे आधीच सरकारने घेतलेले असते.

आपल्याकडील विक्रेता यातले काही करू शकत नाही. जाहीर एक्स-शोरूम किमतीच्या वर बिल करणे त्याला कंपनीशी असलेल्या संबंधामुळे परवडत नाही, आणि वर पाहिल्याप्रमाणे करांमुळे फायद्याचेही नाही. म्हणून ऑन वेष पालटून येतो: गालिचे, दिव्यांच्या पट्ट्या, रंगरक्षक लेप आणि रबरी चटया यांचे साठ-सत्तर हजारांचे पुडके घेतल्याशिवाय गाडी लवकर मिळणार नाही असे सूचित केले जाते, विमा येथूनच घ्यावा लागेल असे सांगितले जाते, ‘हाताळणी शुल्क’ नावाची एक ओळ बिलाच्या तळाशी उगवते, किंवा हातातली जुनी गाडी बाजारभावाच्या खाली बदलून घेतली जाते. यातल्या पहिल्या प्रकाराला कायद्यात नाव आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक वस्तू देण्यासाठी दुसरी वस्तू किंवा सेवा घेण्याची सक्ती करणे ही निर्बंधात्मक व्यापारी प्रथा ठरवली आहे. विमा कोणाकडून घ्यायचा हे निवडण्याचे स्वातंत्र्यही गिऱ्हाइकाला आहे. याच कायद्याने तक्रार स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात करण्याची मुभा दिल्यामुळे कृष्णराजनगरच्या खरेदीदाराने गाडी बंगळूरूला घेतली असली तरी त्याला म्हैसूरच्या जिल्हा आयोगाकडे जाता येते. तक्रारी तरीही थोड्या होतात, कारण चटया घेऊन गाडी मिळालेला माणूस तक्रारीच्या मनःस्थितीत नसतो, आणि चटया नाकारलेल्या माणसाच्या हाती गाडी नसल्याने बिलही नसते.

रोख ऑन देणाऱ्याचे नुकसान मात्र बरेचदा नंतर उघड होते. बँक किंवा वित्तसंस्था कर्ज देते ते गाडीच्या कागदोपत्री किमतीवर, त्यामुळे ऑनची सगळी रक्कम स्वतःच्या खिशातून घालावी लागते. विमा उतरवला जातो तो कंपनीच्या जाहीर विक्री किमतीवरून काढलेल्या घोषित मूल्याचा. भारतातील रूढ मोटार विमा दरपत्रकानुसार विमा सुरू होताना गाडी सहा महिन्यांपर्यंतची असेल तर त्यातून ५ टक्के आणि सहा महिने ते वर्षाची असेल तर १५ टक्के घसारा वजा होतो, आणि ते मूल्य त्या विम्याच्या मुदतभर तेच राहते. बिलाची पूर्ण रक्कम परत देणारे जोडकलम घेतले तरी ते बिलाचीच रक्कम देते. वर धरलेल्या उदाहरणातील १९ लाखांची गाडी दोन लाख रोख वर देऊन घेतली आणि आठव्या महिन्यात चोरीला गेली, तर साध्या विम्यातून १८ लाख ५ हजारांच्या आसपास आणि जोडकलमातून फार तर बिलाइतके पैसे मिळतील. ते दोन लाख विमा कंपनीच्या, बँकेच्या, परिवहन कार्यालयाच्या आणि ग्राहक आयोगाच्याही लेखी कधी दिलेच गेले नव्हते.